चौथा ग्लास

चौथा ग्लास नाकाशी नेला तेव्हा ओरिएत्ताला आधी ओला दगड आठवला आणि मग तो दगड कुठल्या भिंतीतला, ते आठवलं. घराच्या उत्तरेकडची, तळघराची भिंत. लहानपणी उन्हाळ्यातल्या दुपारी ती त्या भिंतीला गाल लावून उभी राहायची आणि आई वरून ओरडायची की चेहरा हिरवा होईल. आता ती आंकोनाच्या बंदरावरच्या एका कचेरीत पांढऱ्या टेबलाशी बसली होती. दोन्ही बाजूंना पांढरे आडोसे होते, समोर आकडे चिकटवलेले ग्लास आणि बशीत बिनमिठाची बिस्किटं. कुठल्या ग्लासात कुणाची वाइन आहे हे परीक्षक मंडळातल्या पाचांपैकी कुणालाही ठाऊक नसतं. वाइन वेर्दिक्यो या इथल्या पांढऱ्या वाइनच्या नावाला साजेशी आहे की नाही एवढंच सांगायचं, आणि एखादी ओळखीची वाटलीच तर हात वर करून बाजूला व्हायचं. शेजारच्या खोलीत बदली परीक्षक बसलेला असतोच. ओळखूनही निकाल दिला तर तो निकाल रद्द धरतात. ओरिएत्ता इतकी वर्षं हे काम करत होती, पण तिला कधी हात वर करावा लागला नव्हता. चौथ्या ग्लासात ओल्या दगडाखाली मेंढीच्या लोकरीचा पुसट वास होता, त्याखाली बडीशेप, आणि सगळ्यांत खाली कडू बदाम. हा तिचा भाऊ एल्वियो होता. सिमेंटच्या जुन्या टाकीत, गाळावर, वसंत उलटेपर्यंत ठेवलेली वाइन. तसं ठेवणारं त्या टेकडीवर दुसरं कुणी उरलं नव्हतं. तिला आधी आनंद झाला, अगदी साधा, गर्दीत घरचं माणूस दिसल्यावर होतो तसा. आणि या आनंदाचीच तिला शंका आली.

ती एरवी काम करायची त्या प्रयोगशाळेत कुठलंही मोजमाप करताना आधी कोरा नमुना मोजतात. ज्यात काहीच नाही अशा द्रवाचाही काही आकडा येतो, तो उपकरणाचा स्वतःचा आकडा, आणि तो खऱ्या आकड्यातून वजा करायचा असतो. ओरिएत्ताने तेच करायला घेतलं. मला हा वास आवडतोय तो माझा आहे म्हणून. तेवढं वजा करायला हवं. पण किती, ते सांगणारा कोरा नमुना तिच्यापाशी नव्हता. तिने मान थोडी वळवली आणि आडोशापलीकडे डॉक्टर बोन्वेक्की दिसले, तिच्याहून वयाने लहान, नेहमी इस्त्रीच्या बाह्यांचे. त्यांच्या हातातही चौथाच ग्लास होता आणि त्यांची एक नाकपुडी किंचित वर गेली होती. तेवढंच. नंतर तिने स्वतःला पुष्कळदा विचारलं की ती नाकपुडी दिसली नसती तर मी काय लिहिलं असतं. हात वर करायचा तर उठून म्हणावं लागलं असतं, ही वाइन मला ओळखू येते, कारण मी या वासाच्या घरातली आहे. अंगावरच्या कपड्यांना स्वयंपाकघराचा वास येतोय हे चारचौघांत आपणच सांगण्यासारखं ते तिला वाटलं. किती वजा करायचं ते कळलं नाही म्हणून तिने सगळंच वजा केलं. फेरतपासणी, म्हणजे दोष काढून पुन्हा आणा, असं लिहिलं, आणि कारणाच्या जागी, गंध. अध्यक्ष उबाल्दी यांनी कागद गोळा केले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "चौथा तीन विरुद्ध दोन. फेरतपासणीला जातोय. चला, पाचवा घ्या, तो गरम होतोय." पाचवा चांगला होता. फिकट, स्वच्छ, हिरवट झाक असलेला, आणि त्याला कुणाचाही वास नव्हता.

खाली बंदरावर ग्रीसला जाणाऱ्या बोटीत ट्रक चढत होते. ती नेहमीच्या रस्त्याने चढण चढून घरी आली, जिन्यात थांबली, आणि तिथेही तिला तो वास आला. तिला ठाऊक होतं की वास असा रेंगाळत नाही, नाकाच्या पेशी काही वेळात थकतात आणि त्याच गोष्टीला दाद देणं सोडतात. मग हे नाक नव्हतंच. हे त्याच्या मागचं काहीतरी होतं, ते थकत नव्हतं. तिने कपडे बदलले, मासळीबाजारातून आणलेल्या शिंपल्या लसूण आणि अजमोद्याबरोबर तव्यावर उघडल्या, फ्रिजमधली एका मोठ्या कारखान्याची वेर्दिक्यो ओतली आणि जेवताना विचार केला की उद्या उबाल्दींना फोन करावा. त्यात काही अवघड नव्हतं. चौथा मी ओळखला होता, माझं मत बाद धरा. निकाल रद्द झाला असता, वाइन पुन्हा, आहे तशी, दुसऱ्या पाचजणांसमोर गेली असती. तिचं नाव यादीतून गेलं असतं आणि कचेरीत कुजबुज झाली असती, बोन्वेक्कींनी सहानुभूतीने मान हलवली असती. दुसऱ्या दिवशी तिने फोन हातात घेतला आणि एका पुरवठादाराला ऍसिडच्या बाटल्यांबद्दल विचारून ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, कदाचित ती एल्वियोची नव्हतीच. मग ती या वाटण्याला धरून राहिली, आणि एल्वियोचा फोन येईपर्यंत ते तिला पुरलं.

"डॉक्टरीणबाई, कामात आहेस का?"

"नाही. बोल."

"तुझ्या लोकांनी माझं नाक कापलं."

"माझे लोक कसले?"

"पांढरे कोट घालणारे सगळे तुझेच. वाइन परत पाठवलीय. फेरतपासणी म्हणे."

"कारण काय दिलंय?" तिने विचारलं. हे विचारताना आपला आवाज किती स्वाभाविक निघाला हे तिचं तिलाच जाणवलं. पांढऱ्या टेबलाशी जे झालं ते झपाट्यात झालं होतं, असं तरी म्हणता येत होतं. हे तसं नव्हतं.

"एक शब्द. गंध. आता गंध म्हणजे काय, तुम्हीच जाणा. नाझारेना म्हणते बंदरावर सर्दी पसरली असेल. रविवारी ये. ती स्टोक्कोचा वाळका मासा भिजत घालतेय. आणि आली की मला तळघरात जरा मदत कर, या भानगडीतून बाहेर काढ. पोर्तोनोव्होची खानावळवाली दोर्याना बाटलीवर वेर्दिक्यो हे नाव असल्याशिवाय घेत नाही, आणि सप्टेंबरच्या तोडणीच्या आत मला टाकी रिकामी हवी."

रविवारच्या बसमध्ये तिने वाक्य तयार केलं. तिघांतली एक मी होते. चारच शब्द होते आणि ते कुठल्याही क्षणी म्हणता आले असते, दारात, टेबलावर, भांडी आवरताना. बाहेर टेकड्यांवर पिवळी फुलं आली होती आणि वेलींच्या रांगा उतारावरून विंचरल्यासारख्या उतरत होत्या. वडील गेल्यावर एल्वियोने सिमेंटची टाकी फोडून स्टीलची आणायची की नाही, यावर घरात पुष्कळ बोलणं झालं होतं. तेव्हा ओरिएत्तानेच सांगितलं होतं, फोड, सिमेंट स्वच्छ करता येत नाही. आई म्हणाली होती, स्टीलमधली वाइन स्टोक्कोशेजारी उभी राहील का? आईच्या लेखी वाइनची परीक्षा तेवढीच होती. त्यांच्या घरात नवी वाइन आधी भांड्यात ओतत, मग ग्लासात. तळाशी बोरूच्या काड्या आडव्या-उभ्या रचायच्या म्हणजे मासा लागत नाही, त्यावर कांदा, गाजर, टोमॅटो, बारीक अँचोव्ही मासळी, त्यावर भिजून मऊ झालेला वाळका मासा, वरून बटाट्याच्या जाड फोडी, तेल इतकं की पाहणाऱ्याने हरकत घ्यावी, आणि मग वाइन. झाकण लावून आई खुर्ची ओढून तिथेच बसायची, आणि वाफेचा वास बदलला की म्हणायची, आता ही इथली झाली. ओरिएत्ताला विद्यापीठात पहिल्या वर्षी वाफेतून उडणाऱ्या संयुगांची नावं शिकवली तेव्हा तिने ती सुट्टीत घरी येऊन आईला सांगितली होती. आईने सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, यातलं मीठ किती घालायचं ते कुठलं? तेव्हा दोघी हसल्या होत्या. बसमध्ये ते हसू आठवताना तिला वाटलं, मी तेव्हाही थोडी वरूनच हसले असणार.

नाझारेनाने, तिच्या वहिनीने, दारातच तिचे गाल धरले आणि म्हणाली, "वाळलीस. शहरात जेवण मिळत नाही की नुसतं हुंगता?" टेबलाशी शेजारचे सेत्तिमियोकाका आधीच रुमाल गळ्यात खोचून बसले होते. ते रविवारी कुणाकडेही बोलावल्याशिवाय येत आणि कुणालाच त्याचं काही वाटत नसे. एल्वियो तळघरातून जग घेऊन वर आला, गुडघा धरून शेवटची पायरी चढला. त्याने तिच्याकडे पाहून डोळा बारीक केला. "आली परीक्षक." तो ही थट्टा गेली कित्येक वर्षं करत होता.

"मला एक सांग, ओरिएत्ता," काका म्हणाले, "तुम्ही लोक सकाळी उपाशीपोटी पिता आणि मग थुंकता, हे खरं?"

"खरं आहे, काका."

"आणि बरोबर खायला काय?"

"बिस्किट. बिनमिठाचं."

काकांनी काटा खाली ठेवला. "मग कळणार काय कप्पाळ. मुलगी बघायला जायचं आणि तिला एक शब्द बोलू द्यायचा नाही, तसलंच हे."

"तुम्हाला काय ठाऊक?" नाझारेना म्हणाली. "तुम्ही कधी बघायला गेलात?"

"गेलो होतो एकदा. ती फार बोलली."

एल्वियो हसला नाही. त्याने आधी ओरिएत्ताच्या ग्लासात ओतली आणि जग हातातच धरून उभा राहिला. "बघ. वेगळी करून ठेवलेली नाही, त्यांना पाठवली तीच आहे. बघ आणि सांग." तिने ग्लास उचलला. सोनेरीकडे झुकलेला रंग, कडेला हिरवं. ओला दगड. लोकर. म्हणजे तीच. इतके दिवस धरून ठेवलेली शंका एका श्वासात गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही. "आधी जेवू," ती म्हणाली. नाझारेनाने ताट पुढे केलं. मासा मोठाल्या पाकळ्यांनी सुटत होता, बटाट्यांनी तेल पिऊन कडा तांबूस केल्या होत्या. तिने एक घास घेतला, मीठ, तेल, टोमॅटोचा आंबटपणा, माशाचा तो हट्टी, जुनाट वास, आणि त्यावर एक घोट. तिला जे होणार ते ठाऊक होतं, तरी झालं तेव्हा ती हलली. लोकर गेली. म्हणजे गेली नाही, माशाच्या वासाने तिला ओढून घेतली आणि दोन्ही मिळून समुद्रासारखं काहीतरी झालं. दगडाने तेल कापलं. शेवटचा कडूपणा जिभेवर नुसता टेकला आणि पुढच्या घासाला जागा करून बाजूला झाला. त्या दिवशीच्या पाचव्या ग्लासातली ती स्वच्छ वाइन या ताटापुढे पाण्यासारखी वाहून गेली असती. या वाइनमध्ये माशासाठी जागा सोडलेली होती, हे तिच्या लक्षात आलं. परीक्षणाच्या खोलीत तेवढी रिकामी जागा दिसली आणि तिलाच सगळ्यांनी दोष म्हटलं. सगळ्यांनी नाही. तिघांनी. आणि त्या तिघांतल्या एकीला ती जागा कशासाठी आहे हे पाळण्यापासून ठाऊक होतं.

तिने आणखी वाढून घेतलं. हे तिला स्वतःलाच सहन होत नव्हतं, की अशा वेळी तिला भूक लागावी, आणि नाझारेनाने समाधानाने तिच्याकडे बघावं. वाक्य तोंडात तयार होतं. तिघांतली एक मी होते. काका सांगत होते की त्यांच्या वडिलांनी बडीशेपेच्या रानटी पाल्यात भाजलेल्या सशाबरोबर हीच वाइन घेतली असती, माशाबरोबर नाही, आणि नाझारेना म्हणत होती की तुमच्या वडिलांना ससा दिला असता तर त्यांनी गवताबरोबरही घेतली असती. हे बोलणं थांबलं की म्हणू, असं तिने ठरवलं. बोलणं थांबलं तेव्हा एल्वियो उठून म्हणाला, "चल, खाली."

तळघरात दिव्याखाली जुन्या टेबलावर त्याने काचेच्या बरण्या मांडून ठेवल्या होत्या आणि शेजारी कोळशाच्या पुडीची पिशवी. त्याने हे स्वतःहून केलं होतं, सहकारी दुकानातल्या कुणाला तरी विचारून. बरण्या स्वच्छ धुतलेल्या होत्या, आणि फडकं त्याने इस्त्री करून आणलं होतं हे तिला दिसलं. "तो म्हणाला कोळसा घाला, वास ओढून घेतो. किती, ते तो सांगेना. म्हणाला बहीण आहे ना तुमची." तो एका पिंपावर बसला. "मला हे करायचं नाही, ओरि. तुला माहीत आहे. पण दोर्यानाला काय सांगू? सुटी विकली तर घाऊकवाला नेईल आणि कशाततरी मिसळून टाकेल, मग ती कुणाचीच राहणार नाही. त्यापेक्षा हे. फक्त एवढं सांग, त्यांना नक्की काय नडलं? तेवढंच काढू, बाकीचं राहू दे."

कोळशाला तेवढंच काढता येत नाही. त्याच्या असंख्य छिद्रांत जे मावेल ते अडकतं, आणि बडीशेप कुठली आणि लोकर कुठली हा भेद त्याला नसतो. हे ती त्याला सांगणार होती. वरच्या मंडळाकडे दाद माग, तेही सांगणार होती, आणि दाद मागायला कारण काय म्हणून तो विचारेल तेव्हा ते वाक्य आपोआप बाहेर येईल. पण त्याने विचारलं होतं काय नडलं, आणि कुणी नेमकं विचारलं की नेमकं उत्तर द्यायची तिला इतकी सवय होती की ती बरणी दिव्यासमोर धरून बोलायलाच लागली.

"कडूपणा नडलेला नाही. तो वेर्दिक्योत असतोच, तो कुणी धरत नाही. नडलं ते पहिलं. ग्लास नाकाशी नेल्याबरोबर दगडाखाली लोकरीसारखं येतं ना, ते. तिथे वाइन थंड देतात, म्हणून ते वर राहतं. ग्लास हातात थोडा गरम झाला की ते बसतं आणि मग बडीशेप येते. पण तोवर लिहून झालेलं असतं."

वर नाझारेना ताटं गोळा करत होती आणि काकांचं काहीतरी चाललं होतं.

"तोवर लिहून झालेलं असतं," एल्वियो म्हणाला.

तिने बरणी खाली ठेवली. तिला आपला हात दिसत होता, टेबलाच्या कडेवर, आणि तो तिथून उचलावा की नाही ते ठरत नव्हतं.

"मला त्यांनी एक शब्द कळवलाय," एल्वियो म्हणाला. "फोनवर तूच मला विचारलंस, कारण काय दिलंय."

"हो."

"ओळखलीस?"

"लगेच."

त्याने मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकाने भाव सांगितल्यावर हलवतो तशी. मग त्याने जे विचारलं ते तिने बसमध्ये, जिन्यात, कुठेच कल्पनेत आणलं नव्हतं. "वाईट होता का वास?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. वाईट होता असं ती म्हणाली असती तर ते त्याला समजलं असतं. वाइन बिघडते, माणसाला कळत नाही, बहिणीने खरं ते लिहिलं. ती वाट तो तिच्यासाठी उघडी धरून बसला होता, हे तिला कळलं, आणि तिथून जाणं तिला जमलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "चांगला होता."

एल्वियोने गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले आणि जमिनीकडे पाहिलं. तेव्हा ती घाईने बोलू लागली. मी उद्याच उबाल्दींना सांगते, निकाल रद्द होतो, तसा नियमच आहे, वाइन आहे तशी पुन्हा जाईल, दुसरे लोक असतील, ते पास करतील, करतीलच, तू काहीही घालू नकोस. ती हे सगळं बोलली आणि तिला वाटलं की अखेर हे बोलून झालं.

"आणि त्यांना काय सांगशील? माझ्या भावाची वाइन मी ओळखली आणि नापास केली?"

"हो. तेच खरं आहे."

"उद्या दुपारपर्यंत ते इथल्या बारमध्ये पोचेल. काका सगळ्यांना सांगतील, आणि दरवेळी नवीन काहीतरी जोडून. नाझारेनाला बाजारात विचारतील. आणि लोक आधी काय विचारतील माहीत आहे? म्हणतील, सख्ख्या बहिणीला नको झाली म्हणजे काहीतरी असेलच त्या वाइनमध्ये." तो उठला, पिशवीचं तोंड सोडलं आणि ती तिच्या हातात दिली. "नको. घाल कोळसा. तुम्हाला जशी हवी तशी कर."

"एल्वियो, यात सगळंच जाईल."

"जाऊ दे. तुला प्रमाण माहीत आहे."

तिला प्रमाण माहीत होतं. तिने पूड तोलली, थोड्या वाइनमध्ये कालवली, टाकीच्या तोंडाशी शिडी लावली आणि वर चढली. एल्वियोने खालून दिवा धरला. काळं पातळ मिश्रण सोनेरी वाइनवर पडलं, क्षणभर वरच तरंगलं आणि मग खाली उतरत, फाटे फोडत, सगळीकडे गेलं. तिने लांब दांड्याचं लाकडी वल्हं आत घातलं आणि ढवळायला लागली. वाइन आधी राखाडी झाली, मग काळी, आणि काळ्या पृष्ठभागावर दिव्याचा डाग हलत राहिला. तिचे खांदे भरून आले. त्याने खालून काही विचारावं, शिव्या द्याव्यात, निघून जावं, असं तिला वाटत होतं, पण तो दिवा स्थिर धरून उभा होता, आणि तिला नीट दिसावं म्हणून अधूनमधून हात बदलत होता.

"अजून येतोय का वास?" पुष्कळ वेळाने त्याने विचारलं.

ती वाकली. टाकीच्या काळ्या तोंडातून गार हवा वर येत होती, आणि तिच्यात, पुसट, अगदी पुसट, पण होता.

"येतोय," ती म्हणाली.

"मग ढवळ."